आधी ते कपाट उघडा



संमेलनाध्यक्षाला बोलायला एकदाच मिळतं. पुढच्या वर्षी या जागी दुसरं कोणी असेल, म्हणून गोड बोलण्यात मी तुमचा वेळ घालवणार नाही.   आजचा विषय आपली पोरं आहेत.

वसईत मूल बाप्तिस्मा घेतं, प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतं, नववी-दहावीच्या सुमारास त्याचं दृढीकरण होतं. त्या दिवशी बिशप येतात. पोरांना कोट, पोरींना पांढरे झगे, हॉल, जेवण, फोटो. आणि पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाचे बाक रिकामे! सोळाव्या-सतराव्या वर्षी माणसाला खरे प्रश्न पडू लागतात. देव आहे तर माझा भाऊ का गेला? कॉलेजातली मैत्रीण हिंदू आहे, तिच्या प्रार्थना देव ऐकत नाही का? कबुली फादरांकडेच का द्यायची? नेमक्या याच वयात आपण त्यांना सांगतो की तुमचा अभ्यासक्रम संपला. मग पंचविसाव्या वर्षी लग्नाच्या तयारीच्या शिबिरात तो मुलगा आपल्याला पुन्हा भेटतो आणि आपण एकमेकांना विचारतो, हा इतका परका कसा झाला?

यावर उपाय म्हणून आपण काय केलं? कार्यक्रम. स्टेज, लाइट, साउंड, बाहेरून आणलेला वक्ता, एकसारखे टी-शर्ट. रात्री उशिरापर्यंत गाणी, डोळ्यांत पाणी, सकाळी घरी. गाण्याला माझा विरोध नाही. ज्यांनी मला तरुणांचा शत्रू ठरवून पत्रकं वाटली, त्यांनी हे वाक्य लिहून घ्यावं. माझा विरोध आहे तो गाणं संपल्यावर काहीच नसण्याला.

या पत्रकवाल्यांचा आवडता दाखला मला पाठ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रोमला तरुणांविषयी बिशपांची धर्मसभा झाली आणि मार्च २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'ख्रिस्त जिवंत आहे' हे पत्र लिहिलं. त्यात पोप म्हणतात की एखाद्या तरुणाला देवाचा जिवंत अनुभव येतो आणि मग आपण त्याच्या माथी नुसती शिकवणीची व्याख्यानं मारतो, त्याने तो कंटाळतो. एवढाच भाग वाचून माझ्यासमोर धरला जातो: बघा, पोपसुद्धा म्हणतात, शिकवू नका! अहो, पत्र पुढचं-मागचंही वाचा. त्याच पत्रात पोप खंत करतात की आपण तरुणांचं ऐकून घेत नाही, तयार उत्तरं त्यांच्या हातात कोंबतो, त्यांचा खरा प्रश्न वर येऊच देत नाही. पोपांची तक्रार व्याख्यानाविरुद्ध आहे, विचाराविरुद्ध नाही. पोरांना प्रश्न विचारू देणं आणि त्या प्रश्नाजवळ बसून राहणं, हे स्टेजवरून होत नाही.

आणि हे काही रोमने आपल्याला आता शिकवलेलं नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. ते का लिहिलं गेलं, हे त्यांनी पुराणाच्या आरंभीच सांगितलं आहे. रविवारची दुपार, चर्चमध्ये दोत्रिना म्हणजे धर्मशिक्षण चाललं आहे, आणि नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीगुरूला म्हणतो की हे शिकवता ते चांगलंच आहे, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारलेला हा प्रश्न. स्टीफन्स त्या माणसावर रागावले नाहीत. त्यांनी बसून अकरा हजारांच्या आसपास ओव्या लिहिल्या, मराठीत! एका प्रश्नाला दिलेलं इतकं मोठं उत्तर आपल्या साऱ्या इतिहासात मला दुसरं दिसत नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा उभं केलं, आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आपल्या हाती आली.

त्या देवनागरी आवृत्तीची एक प्रत आमच्याही धर्मग्रामात होती. ती कुठे आहे, ते आता सांगतो.

आमच्याकडे चर्चच्या मागे एक खोली होती आणि खोलीत लोखंडी कपाट. त्यात 'सुवार्ता' मासिकाचे बांधलेले अंक, संतचरित्रं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची पुस्तकं, ख्रिस्तपुराण. रविवारी मिस्सा सुटली की ते कपाट उघडायचं. खोली स्पीकरच्या खोक्यांसाठी हवी झाली आणि कपाट जिन्याखाली गेलं. त्याला कुलूप लागलं. किल्ली कोणाकडे आहे, ते आजवर मला कळलेलं नाही. जिन्याखाली पावसाचं पाणी शिरतं. मी पॅरिश कौन्सिलमध्ये हा विषय काढला की तो 'इतर विषयां'त टाकतात, आणि इतर विषय येईपर्यंत माणसं उठून गेलेली असतात. मी पत्रं दिली. उत्तर नाही. एका कपाटासाठी किती बोलायचं, असं मला तोंडावर विचारलं गेलं आहे. उत्तर आज या व्यासपीठावरून देतो: ते उघडेपर्यंत बोलायचं. चर्चच्या दारापर्यंत येऊन परत फिरलेल्या आमच्या प्रत्येक पोरामागे मला ते बंद कपाट दिसतं. स्पीकरला जागा आहे आणि पुस्तकाला नाही, हे पोरांनी पाहिलं. त्यांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो बरोबर घेतला. आपण ज्याला विश्वासाची ओहोटी म्हणतो ती मोबाइलने आली नाही, शहराने आली नाही, त्या जिन्याखाली सुरू झाली. तुम्हाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आपापल्या धर्मग्रामात जाऊन बघा, तुमचं कपाट कुठे आहे.

मी विश्वासात कसा वाढलो ते सांगतो, कारण आमच्या वेळी सगळं आपोआप व्हायचं असा एक समज आहे. मुळीच नव्हतं. कॉलेजात असताना मी मिस्सा चुकवायचो. मग नव्वदच्या आसपासचे ते दिवस आले. वाड्या विकल्या जात होत्या, विहिरींचं पाणी टँकरमधून चाललं होतं, बिल्डरच्या नावाने माणसं आवाज खाली करून बोलत होती. फादर दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीची माणसं उभी राहिली. आम्ही पोरं मोर्चात गेलो, खरं तर फादरांपेक्षा पाण्यासाठी गेलो. एका रात्री एकाच्या ओट्यावर बसलो असताना कोणी तरी विचारलं, फादरचं काम मिस्सा सांगायचं, मोर्चा काढणं त्यांच्या धर्मात बसतं का? एका वयस्कर शिक्षकाने आतून बायबल आणलं आणि राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकविसावा अध्याय वाचला. अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, ही माझ्या वाडवडिलांची जमीन, देणार नाही. पुढे राणी ईजबेल त्याचा खून करवते, ते तुम्हाला माहीत आहे. वाचून झालं तेव्हा ओट्यावर कोणी बोलेना. समोर केळीची वाडी होती, पलीकडे भरणी झालेला प्लॉट. हा ग्रंथ माझ्या वाडीबद्दल बोलतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. तिथून मी मिस्सेला परत गेलो तो आजपर्यंत.

त्या रात्री तिथे गिटार नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. एक खरा प्रश्न होता, एक जाणता माणूस होता, समजेल अशा भाषेत एक पुस्तक होतं, आणि सकाळी उठून करायचं काम होतं.

आता भाषा. पोरं इंग्रजी शाळेत जातात, जाऊ देत. इंग्रजी मिस्साही असू दे. पण आजी वारते, घरात शिकलेली नातवंडं असतात, आणि रोझरी कोणी सांगायची हा प्रश्न पडतो. शेवटी शेजारच्या मावशीला हाक मारावी लागते. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलणारं पोर देवाशी फक्त शाळेच्या भाषेत बोलायला शिकलं, तर घरावर दुःख आल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटणार कसा? लॅटिनच्या जोडीने लोकांच्या भाषेला उपासनेत जागा द्यायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये वाट मोकळी केली. आपल्या वडीलधाऱ्यांनी मराठी मिस्सा, मराठी गीतं उभी केली. त्यांच्या डोळ्यांदेखत आपण ती मिस्सा सकाळच्या सर्वांत गैरसोयीच्या वेळेला ढकलली आणि मग म्हणालो, बघा, मराठीला कोणी येत नाही! वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया कशामुळे कामाला आला? तो कोवळ्या वयात जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. पुढे फ्रान्सिस्कन ब्रदर झाल्यावर त्याला परत जपानला नेलं ते दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला तो क्रुसावर गेला. परक्या लोकांची भाषा त्यांच्यासाठी शिकणाऱ्या संताचे आपण गाववाले, आणि आपल्याच नातवंडांना आपली भाषा द्यायला आपल्याजवळ रविवारचा एक तास नाही.

आणखी एक संत. हल्ली कार्लो आकुतिस या इटलीतल्या पोराचं चित्र प्रत्येक चर्चमध्ये लागलं आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी त्याला संत घोषित केलं, मला मनापासून आनंद झाला. पण आपण पोरांना त्याची जीन्स आणि संगणक दाखवतो. सातव्या वर्षी ख्रिस्तप्रसाद घेतल्यापासून तो रोज मिस्सेला जायचा, मिलानमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचा, हे सांगत नाही. आणि त्याची आई स्वतःच सांगते की ती फारशी चर्चला जाणारी नव्हती, मुलाच्या प्रश्नांना उत्तरं देता येईनात म्हणून तिला धर्मशास्त्र शिकावं लागलं. माझ्या आयांनो, बापांनो, हा भाग तुमच्यासाठी आहे.

आपल्या धर्मशिक्षिका, ज्यांत कितीतरी कॉलेजच्या पोरी आहेत, शनिवारी रात्री जागून तक्ते करतात आणि रविवारी आरडाओरडा सोसून शिकवतात. त्यांच्याविरुद्ध माझा एकही शब्द नाही. त्यांना प्रशिक्षणाला पाठवायला पैसे नसतात आणि सणाच्या रोषणाईला असतात, याविरुद्ध आहे.

दुपारच्या सत्रात मी स्वतः ठराव मांडणार आहे. दृढीकरण झालेल्या मुलामुलींसाठी प्रत्येक धर्मग्रामात आठवड्याला एक तास, फक्त त्यांच्या प्रश्नांचा. मराठी पुस्तकांची उघडी खोली, आणि तिची किल्ली पोरांकडेच. मराठी मिस्सेला माणसाला येता येईल अशी वेळ. धर्मशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च रोषणाईच्या आधी. विरोध असेल त्यांनी उभं राहून, नाव सांगून बोलावं. चहाच्या टेबलाशी बोललेलं मी धरणार नाही. अनुमोदनाला अकरावीतली एक मुलगी उभी राहील. तिने काय विचारायचं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला मध्येच कोणी थांबवायचं नाही, आणि व्यासपीठावरच्या फादरांनो, तिचा पहिला प्रश्न तुम्हाला असेल तर उत्तर तुम्हीच द्यायचं.