पायांखालची ऊब

वैशाखांतली दुपार शहाबादी फरशीच्या गारव्यावर काढणाऱ्या माणसास, फरशी मुद्दाम तापवावी ही कल्पना विचित्र वाटेल. परंतु जेथें हिवाळ्यांत पाणी गोठतें, तेथें तापलेल्या जमिनीसारखें सुख नाहीं. कोरियांत या जुन्या पद्धतीला ओंदोल म्हणतात. स्वैपाकघरांतील चुलीचा जाळ व धूर शेजारच्या खोलीच्या जमिनीखालील बोळांतून पलीकडच्या धुराड्याकडे जाई. वरचे सपाट दगड तापत, आणि तेल पाजलेल्या कागदानें मढविलेल्या त्या जमिनीवर कुटुंब बसे, जेवे व निजे.

या सुखाला एक भयंकर बाजूहि होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या जागीं कोळशाच्या वड्या जाळण्याचा प्रघात पडला, तेव्हां जमिनीच्या बारीक भेगेंतून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायु खोलींत शिरे, आणि रात्रीं निजलेलीं माणसें सकाळीं उठत नसत. हजारों माणसें अशीं दगावलीं. आतां तेथें बहुतेक घरांत जमिनीखालीं धुराऐवजीं नळ्यांतून ऊन पाणी खेळतें. अमेरिकेंतहि फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकारानें मॅडिसन येथील जेकब्स कुटुंबाच्या १९३७ सालच्या घरांत काँक्रीटच्या जमिनीखालीं असे नळ घातले होते.

युरोपांत आज जुनें घर दुरुस्तीस काढणारा गृहस्थ हें काम पुष्कळदां स्वतःच्या हातांनीं करतो. प्रथम उष्णता अडविणारे तक्ते अंथरावयाचे, नाहींतर बरीचशी ऊब खालच्या मातीलाच पोंचते. कोबा तापला कीं फुगतो, म्हणून भिंतींच्या कडेनें मऊ पट्टी लावावयाची. मग सुमारें १६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची नळी १० ते २० सेंटिमीटर अंतर राखून नागमोडी बसवावयाची. एक वेटोळें साधारण १०० मीटरांहून लांब नसावें, आणि कोब्यांत दडणाऱ्या भागांत सांधा तर एकहि नसावा.

यानंतरची पायरीच उतावळा मनुष्य गाळतो, कारण गवंडी दाराशीं खोळंबलेला असतो. नळ्यांत पाणी भरून नेहमींपेक्षां बराच अधिक दाब द्यावयाचा व कांहीं तास काट्यावर नजर ठेवावयाची. तो दाब कोबा घालतांनाहि कायम ठेवावा. फावड्याचा घाव नळीला बसला, तर काटा तत्काळ उतरतो व दुरुस्ती घटकाभराची असते. तीच गळती पुढें ओलीच्या डागानें कळली, तर नवी फरशी फोडल्यावांचून गत्यंतर नाहीं. झाकण्यापूर्वीं नळ्यांचीं छायाचित्रें व भिंतीपासूनचीं मापें घेऊन ठेवावीं. दाराचा अडसर बसविण्यासाठीं जमिनींत भोंक पाडणारा हात वर्षांनंतर दुसऱ्याच कोणाचा असतो!

सिमेंटचा कोबा ओला असतांना तापविला तर तडकतो. निदान तीन आठवडे थांबून प्रथम २५ अंशांचें पाणी सोडावें, मग हळूहळू वाढवावें. पुढेंहि ३५ ते ४५ अंश पुरतात. बैठकीच्या खोलींत जमीन २९ अंशांवर नेऊं नये. पाणी तापविणाऱ्या वायूच्या बंबाची जोडणी मात्र परवानाधारक कारागिराकडूनच करवावी. कोरियांतील निजलेल्या माणसांचा घात करणारा तोच वायु बिघडलेल्या बंबांतूनहि निघतो.