नाक घडविणारा कुंभार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक सचित्र वृत्तांत आहे. इंग्रजी फौजेतील गाडीवान कावसजी हा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आले. पुढे पुण्याजवळील, विटा करणाऱ्या ज्ञातीतील एका इसमाने (हे आपले कुंभारच, असे मी समजतो) मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरले व त्या मापाची कातडी सोडवून खाली वळविली. भुवयांमधील देठ तेवढा राखला. त्यातून रक्त मिळत राहून कातडी जगते. सुमारे २५ दिवसांनी तो देठ छेदला. पुढे १८१४ साली कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच पद्धती अनुसरली. वृत्तांतात रोग्याचे नाव आहे, चित्रही आहे. कारागिराची मात्र केवळ जात नोंदली आहे. पुण्याकडील कुटुंबांनी आपल्या घरच्या जुन्या वह्या एकवार चाळून पाहाव्यात, ही विनंती.