मळखाऊ थंडीला रंगाची ऊब



दिवाळी सरली की माळ्यावरचं लोकरी कपड्यांचं गाठोडं खाली येतं. ते उघडा आणि रंग मोजा. करडा स्वेटर, चॉकलेटी शाल, काळी कानटोपी. लोकरीचे कपडे रोज धुतले जात नाहीत, म्हणून आपण मळखाऊ रंग निवडतो. हिशेब चुकीचा नाही, पण त्यापायी चार महिने सगळं घर विटक्या रंगात वावरतं.

आधी उबेचं बघू. ऊब कपड्यात नसते, आपल्या शरीरात असते. कपडा तिला फक्त धरून ठेवतो आणि हे काम करते धाग्यांमध्ये अडकलेली हवा. लोकरीचा तंतू कुरळा, त्यामुळे त्यात हवा भरपूर अडकते. दोन थरांच्या मधेही हवा राहते. म्हणूनच एका जाडजूड स्वेटरपेक्षा आत मऊ सुती कपडा, त्यावर हलका स्वेटर आणि वर वारा अडवणारं जाकीट, असे सैलसर थर बरे. फार घट्ट घातलं तर हवेला जागाच उरत नाही. शिवाय आपल्याकडची थंडी लहरी. निफाडला पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि दुपारी तेच ऊन अंगाला चटका देतं. थर असले की एकेक उतरवता येतो.

हे शहाणपण आपल्या गोधडीत केव्हाचं आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून टाके घातले की थरही आले आणि हिरवा, जांभळा, लाल असे रंगही आले. पांघरुणात चालणारे रंग अंगावर का चालू नयेत?

संक्रांतीला आपण हौसेनं काळी चंद्रकळा नेसतो. काळा रंग ऊन शोषून घेतो, हे खरं. पण उन्हातच. पहाटेच्या अंधारात काळ्याचा असा काही फायदा नाही, उलट धोका आहे. धुक्यात फिरायला निघालेले आजोबा, सायकलवरचा दूधवाला, शिकवणीला जाणारी मुलं गडद कपड्यांत असतील तर समोरच्या गाडीवाल्याला ती दिसतात फार उशिरा. पांढरा किंवा पिवळा स्वेटर, पाठीवर चकाकणारी पट्टी, एवढ्यानं जीव वाचू शकतो.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं काय? वय झालं की शरीरात ऊब कमी तयार होते, थंडी वाजल्याचं उशिरा जाणवतं. 'मला नाही वाजत थंडी' या शब्दावर विसंबू नका. हातपाय गार आहेत का, ते हात लावून बघा. मान, कान, पावलं झाका. 'या वयात कसला लाल रंग?' असं आजी म्हणाली, तरी ते दर वेळी तिच्या मनातलं नसतं. लोक काय म्हणतील, ते ती आधीच बोलून टाकते.

नवी खरेदी करायलाच हवी असं नाही. जुन्या करड्या स्वेटरवर एक केशरी मफलर, रंगीत लोकरीचे पायमोजे, जुन्या रेशमी साडीचं अस्तर लावलेली बंडी, एवढं पुरे. मात्र एक करा. रंग आपण ठरवू नका. आजीला विचारा, 'तुला कोणता आवडतो?' ती सांगेल तोच आणा.