तारे कुणाला द्यायचे?



तंजावरला आलेला माणूस आधी बृहदीश्वराचं शिखर बघतो. मीही बघितलं. पण मला ओढ होती ती तिथल्या दगडावरच्या एका यादीची. मला जुनं तमिळ वाचता येत नाही, पण या लेखाचं भाषांतर छापलेलं आहे आणि ते मी अनेकदा वाचलंय. साधारण इ.स. १०१४ चा, राजराज चोळाच्या काळातला हा लेख आहे. मंदिरात नाचण्यासाठी वेगवेगळ्या गावांच्या देवळांतून आणलेल्या सुमारे ४०० बायकांची नावं त्यात आहेत. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या आळीत कितवं घर दिलं, आणि तिचा वाटा. एक वाटा म्हणजे वर्षाला १०० कलम भात.

कोण देखणी, कोण हसरी, कुणाचा नाच राजाला आवडला, यातलं त्या यादीत काही नाही. तिथे फक्त देणं लिहिलंय. मंदिर त्या बाईचं काय लागतं, एवढंच.

हे आज का सांगतेय? कारण माझं काम रेटिंगचं आहे. हॉटेलं, बार, पब, ऑर्केस्ट्रा बार यांना लोक मोबाईलवर जे तारे देतात, ते मोजायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि मालकाला सांगायचा. हसू नका! बरं, हसा. माझ्या सासरी अजूनही ‘हॉटेल लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगतात. बारबद्दल चारचौघांत बोलायचं नाही अशी आपली पद्धत. पण तिथेही माणसं नोकरी करतात, आणि त्यांची नोकरी आता तुमच्या-माझ्या अंगठ्याखाली आली आहे.

एक प्रसंग सांगते. कामाला लागून मला वर्षच झालं होतं. गावाबाहेरच्या एका छोट्या ऑर्केस्ट्रा बारचं पान माझ्याकडे होतं. एका रात्री रिव्ह्यू आला, ‘एक तारा. गाणारी बाई हसत नाही.’ आठवड्याच्या रिपोर्टमध्ये वाईट रिव्ह्यू लाल रंगात दाखवायचे असा आमचा नियम. मी तो लाल केला आणि पाठवला. मालकाने त्या बाईला आठ दिवस घरी बसवलं, बिनपगारी. तिची मुलगी त्या आठवड्यात दवाखान्यात होती, हे मला पुढे महिनाभराने कळलं. गाणं ती नीट गायली होती. त्या गिऱ्हाइकाचीसुद्धा गाण्याबद्दल तक्रार नव्हतीच.

गिऱ्हाईक विसरून गेला असेल. मालकाने त्याच्या समजुतीप्रमाणे धंदा सांभाळला. लाल रंग मात्र माझा होता. तेव्हापासून मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे. रात्रीच्या जागेचं रेटिंग नेमकं कशाचं असतं? जागेचं, की तिथे काम करणाऱ्या बाईचं?

या प्रश्नासाठी तंजावरइतकं योग्य गाव नाही. दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लाणापर्यंतचा नृत्याचा जो क्रम आज जगभर शिकवला जातो, तो त्यांनी बसवला. त्या नाचाला तेव्हा सदिर म्हणत. सरफोजींच्या नावावर तर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. मग १८५५ मध्ये संस्थान खालसा झालं, आश्रय गेला. १८९२ च्या सुमारास मद्रासकडे नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि तोच नाच ‘वाईट’ ठरला. १९३२ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्याला भरतनाट्यम हे नाव देण्याचा ठराव केला, आणि पुढे तोच नाच प्रतिष्ठित सभागृहांत पोचला. आज त्याला उभं राहून टाळ्या मिळतात. पण ज्या घराण्यांतल्या बायकांनी तो सांभाळला, त्यांतल्या बहुतेक मागेच राहिल्या. बालसरस्वतींसारखी एखादीच शेवटपर्यंत मंचावर टिकली.

मुद्रा त्याच, ताल तोच. मंच बदलला, बघणारे बदलले आणि शेरा बदलला.

हे जुनं झालं म्हणाल, तर महाराष्ट्रातलं सांगते. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी घातली. मुंबई पोलीस कायद्यात ‘३३ अ’ आणि ‘३३ ब’ अशी दोन कलमं घातली. पहिल्याने बारमधला नाच बंद. दुसऱ्याने सूट, आणि ती कुणाला? तीन तारे आणि त्याहून वरच्या हॉटेलांना. म्हणजे साध्या बारमध्ये नाच झाला तर स्त्रीच्या प्रतिष्ठेला धोका, आणि तीन तारे असले की नाही! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने मानलं. त्या निकालात ७५ हजारांहून जास्त बायकांचं काम गेल्याचा उल्लेख आहे.

हॉटेलचे तारे कशाला असतात? खोली केवढी, लिफ्ट आहे का, स्वच्छता कशी, हे सांगायला. त्या ताऱ्यांवरून कुणाचा नाच सभ्य हे ठरवलं गेलं. एका गोष्टीचं माप दुसऱ्याच गोष्टीला लावलं. मोबाईलवर आपण रोज रात्री हेच करतो. बिलात घोळ झाला, एक तारा. पार्किंग मिळालं नाही, एक तारा. वेट्रेसने फोन नंबर दिला नाही, तरी एकच तारा. तिन्ही तारे सारखेच दिसतात.

या ताऱ्यांना किंमत किती? मायकेल लुका नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा हिशेब मांडला होता. येल्प या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्याला आढळलं. धंदा एवढा हलत असेल, तर मालक ताऱ्यांना घाबरणार, आणि ती भीती सगळ्यात खाली उभ्या असलेल्या माणसावर निघणार.

मग करायचं काय? रेटिंग बंद करा, असं मी म्हणत नाही. अनोळखी गावात रात्री कुठे बसावं, हे कळायला त्याचा उपयोग आहे. बाईमाणसाला तर फारच. मला पाच दुरुस्त्या सुचतात.

पहिली, प्रश्न बदला. ‘अनुभव कसा वाटला?’ या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. एकाचा तीन म्हणजे ‘ठीक’, दुसऱ्याचा तीन म्हणजे ‘पुन्हा पाय ठेवणार नाही’. त्याऐवजी हो किंवा नाही असे प्रश्न विचारा. मेन्यूवर किंमत छापली होती का? बिल त्याच्याशी जुळलं का? साधं पाणी मागितल्यावर मिळालं का? कुणी त्रास दिला तेव्हा मॅनेजर मध्ये पडला का? अशा उत्तरांत मूड कमी येतो, आणि दोन गावांतले दोन बार एकाच मापाने मोजता येतात.

दुसरी, काम करणाऱ्या व्यक्तीला तारे नाहीत. तिचं नाव, फोटो, रूप, कपडे, हसणं, यातलं काहीही रिव्ह्यूत आलं तर तो भाग गाळायचा. सेवेबद्दल तक्रार असेल तर ती जागेच्या नावावर. आपल्याकडे संगीतबारीत दौलतजादा असते. नोट पुढे करून फर्माईश करायची, म्हणजे तेही एक रेटिंगच, आणि ज्याचा खिसा मोठा त्याचं मत मोठं. डान्स बारच्या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टीप द्यायला परवानगी दिली, पैसे उधळायला नाही. हातात दिलेली टीप ही कामाची पावती असते. उधळलेल्या नोटांत उधळणाऱ्याचाच रुबाब असतो. रिव्ह्यूचंही तसंच आहे.

तिसरी, थोड्या मतांवर उडी मारू नका. एका बारला ४ रिव्ह्यू आहेत, चारही पाच ताऱ्यांचे. सरासरी ५. दुसऱ्याला ४०० रिव्ह्यू, सरासरी ४.३. यादीत पहिला वर. पण ते चार जण मालकाचे मेहुणे असू शकतात! उपाय सोपा आहे. प्रत्येक जागेच्या खात्यात सुरुवातीलाच गावाच्या सरासरीची काही मतं धरायची. समजा गावाची सरासरी ३.८ आहे आणि आपण २० मतं धरली. पहिला बार ५ वरून ४ वर येतो. दुसरा ४.३ च्या जवळच राहतो. नव्या जागेवर अन्यायही होत नाही, कारण खरी मतं वाढली की धरलेली मतं आपोआप फिकी पडतात. आणि एका गिऱ्हाइकाच्या एका ताऱ्याने छोटा बार कोसळत नाही. माझ्या त्या लाल रिव्ह्यूच्या वेळी हे गणित असतं, तर मालक एवढा घाबरला नसता.

चौथी, सरासरीच्या आत बघा. एका जागेला ९० पुरुषांनी ४.५ दिले आणि १० बायकांनी २ दिले. सरासरी ४.२५, म्हणजे उत्तम जागा! त्या दहा जणी कुठे गेल्या? सरासरीत बुडाल्या. म्हणून सुरक्षेच्या प्रश्नावर बायकांची उत्तरं वेगळी दाखवायची. वेळेचंही तसंच. रात्री ८ ची जागा आणि ११ ची जागा, पाटी एक असली तरी, दोन वेगळ्या जागा असतात.

पाचवी, रिव्ह्यू सकाळी मागा. चार पेग झाल्यावर दिलेलं मत आणि चहा पिताना दिलेलं मत यात फरक पडणारच. शिवाय टेबलावर बसूनच ‘डिस्काउंट द्या, नाहीतर एक तारा देतो’ ही धमकी चालते. उलट बाजूने ‘पाच तारे द्या, एक स्टार्टर आमच्याकडून’ हेही चालतं. बिल झालेल्यालाच, दुसऱ्या दिवशी, एकदाच विचारलं, तर दोन्हींना बराच आळा बसतो. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढलंय. रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे कसे, प्रसिद्ध कसे करायचे, हे त्यात आहे. पण ते ऐच्छिक आहे. पाळायचं की नाही हे कंपन्यांवर आहे, आणि कंपन्या पाळतील की नाही हे बरंचसं आपण विचारतो की नाही यावर आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, गिऱ्हाइकाचं मत म्हणजे गिऱ्हाइकाचं मत, त्याच्या तोंडाला कुलूप का? कुलूप नाहीच. जेवण गार होतं, आवाज कानठळ्या बसवणारा होता, बिल फुगवलं, दाराशी उभ्या बाउन्सरने उर्मटपणा केला, सगळं लिहा. कडक लिहा. फक्त जो दुरुस्त करू शकतो त्याच्या नावावर लिहा. बिल मालक दुरुस्त करू शकतो. गाणाऱ्या बाईचा चेहरा हा त्याने विकायला ठेवलेला माल नाही.

आणि एक रकाना गिऱ्हाइकाला भरताच येणार नाही. तो तिथे काम करणाऱ्यांनी, नाव न सांगता भरायचा. पगार वेळेवर होतो का? टीप पूर्ण हातात येते का? रात्री घरी सोडायला गाडी आहे का? जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती आहे का? याला तारे लागत नाहीत. आहे की नाही, एवढंच लिहायचं.

म्हणून मला ती दगडावरची यादी आठवते. त्या ४०० जणी सुखात होत्या, असा माझा दावा नाही. त्यांना नाही म्हणता येत होतं का, हे तो दगड सांगत नाही, आणि त्यांचं स्वतःचं मत तर त्यावर कुठेच नाही. पण देणं कुणाचं आहे, हे तिथे स्पष्ट आहे. हजार वर्षांपूर्वीच्या यादीत बाईच्या नावापुढे घर आणि धान्य होतं. माझ्या रिपोर्टात तिच्या नावापुढे लाल रंग होता.

आता माझ्या रिपोर्टात माणसांच्या नावाचा रकाना नाही. तो काढायला मला दोन वर्षं भांडावं लागलं, आणि तो फक्त माझ्या रिपोर्टातून गेलाय. बाकी ठिकाणी तो आहेच.

पुढच्या वेळी रात्री जेवून, बसून घरी आलात की मोबाईल लगेच उघडू नका. झोपा. सकाळी चहा घेताना उघडा. तारा दाबायच्या आधी स्वतःला विचारा, हा मी जागेला देतोय की माणसाला? जागेला असेल, तर खुशाल द्या. एक द्या, पाच द्या, कारण लिहून द्या. माणसाला असेल, तर फोन खाली ठेवा आणि चहा संपवा.