विंडोजचे खेळ, लिनक्सचें घर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची सर्वसाधारण डागडुजी थांबविली. विंडोज ११ ज्यांवर अधिकृतपणें चढत नाहीं, असे पुष्कळ धडधाकट संगणक त्या दिवशीं जुन्यांत जमा झाले. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली घालावी, असें सुचवितांच मुलें विचारतात, 'मग आमच्या खेळांचें काय?' प्रश्न रास्त आहे. पैसे मोजून घेतलेले खेळ टाकून द्या, असें कोणत्या तोंडानें सांगावें?

याचें उत्तर 'वाईन' नांवाच्या योजनेंत आहे. (नांव ऐकून कोणीं दचकूं नये, 'हें नक्कल-यंत्र नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत.) १९९३ मध्यें आरंभिलेलें हें काम अलेक्झांद्र ज्युलियार यांनीं १९९४ पासून संभाळलें, पहिली पक्की आवृत्ति निघावयास २००८ साल उजाडलें! दोन्ही प्रणालींखालीं प्रोसेसर एकाच जातीचा असतो व त्याच्या आज्ञाही त्याच असतात. बदलते ती प्रणालीकडे मागणी करण्याची भाषा. 'अमुक फाइल उघडा, तमुक ध्वनि काढा,' असें खेळ विंडोजच्या भाषेंत म्हणतो. वाईन दुभाष्याप्रमाणें मध्यें उभें राहून तें काम लिनक्सकडून करवून घेतें.

चित्रांचें प्रकरण अधिक बिकट होतें. २०१८ मध्यें व्हॉल्व्ह कंपनीनें वाईनच्याच पायावर 'प्रोटॉन' काढलें. त्यांतील डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टथ्रीडीच्या मागण्या व्हल्कनच्या भाषेंत उतरवितो. २०२२ मध्यें निघालेलें स्टीम डेक हें हातांत धरावयाचें खेळयंत्र याच बळावर विंडोजचे खेळ चालवितें. मात्र फार जुन्या ग्राफिक्स कार्डास व्हल्कन येत नाहीं. तेथें हा उपाय लंगडा पडतो.

खरी अडचण निराळीच आहे. ऑनलाइन खेळांतील लबाडी पकडणारे कांहीं पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यांत, म्हणजे कर्नलमध्यें, ठाण मांडतात; त्यांस दुभाष्या चालत नाहीं. व्हॅलोरंट त्यामुळें लिनक्सवर चालत नाहीं. एपेक्स लेजंड्स चालत असे. २०२४ मध्यें त्याच्या चालकांनीं लबाडीचें कारण सांगून लिनक्सला दार बंद केलें. खेळापायीं परक्यास घराच्या तिजोरीपर्यंत जाऊं देणें मला प्रशस्त वाटत नाहीं. पण मुलाचे सारे सोबती रोज सायंकाळीं त्याच खेळांत जमत असतील, तर त्याला एकटें पाडणें हेंही लहान दुःख नव्हे.

म्हणून आधीं मुलाकडून त्याच्या खेळांची यादी घ्यावी, व एकेका खेळाची चौकशी करूनच निर्णय करावा. लिनक्स प्रथम पेनड्राइव्हवरून चालवून पाहतां येतें. तेवढ्यानें संगणकांतील कांहींएक पुसलें जात नाहीं.