सोफा आला, बसणार कोण?



गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाचली जाते तेव्हा कारणं आपल्या ओळखीची असतात. शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं, मुलांची फी, दवाखाना. अलीकडे त्यात एक नवं कारण ऐकू येऊ लागलंय. सोफा. तोही साधा तीन जणांचा नाही, कोपऱ्याचा. दुकानात त्याला 'एल शेप' म्हणतात, कुणी 'कॉर्नर सोफा' म्हणतं, शहरात 'सेक्शनल' म्हणतात. सेक्शनल म्हणजे तुकड्या-तुकड्यांचा. दोन किंवा तीन भाग एकमेकांना जोडून तो कोपऱ्यात बसवायचा असतो.

'सोफा कशाला हवा, सतरंजी काय वाईट आहे?' असं मी म्हणणार नाही. मुलीला बघायला पाहुणे येतात, मुलाचे साहेब येतात, घर नीटनेटकं दिसावं असं प्रत्येकीला वाटतं. दिवसभर रानात वाकून काम केल्यावर पाठ टेकायला मऊ जागा मिळावी, यात चैन कसली? पूर्वीच्या घरांतही पुढच्या सोप्यात गादी, लोड, तक्के असायचेच. म्हणून आज आपण घ्यायचा की नाही यावर वाद घालणार नाही. घ्यायचा असेल तर काय काय मोजून घ्यायचं, ते बोलू. चार गोष्टी मोजायच्या आहेत. जागा, शरीर, माल आणि पैसा.

आधी जागा बघू. आपल्याकडची पुढची खोली साधारण दहा बाय बारा फुटांची असते. म्हणजे १२० चौरस फूट. कोपऱ्याचा मधला सोफा एका भिंतीला आठ फूट आणि दुसऱ्या भिंतीला सहा फूट येतो. त्याची रुंदी अडीच फूट धरली, तर सोफा स्वतः सुमारे २९ चौरस फूट जागा घेतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. सोफ्याच्या कुशीत जो चौकोन उरतो, तिथे टीपॉय येतो किंवा बसणाऱ्यांचे पाय येतात. तो चौकोन धरला की आठ गुणिले सहा, ४८ चौरस फूट गेले. १२० पैकी ७२ उरले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ तर स्वयंपाकाची जागा धरून २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट असतं. अख्ख्या घराचा सहाव्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या सोफ्याला द्यायचा का, हा विचार तिथे करावाच लागतो.

आता त्या खोलीत दिवसभर काय काय होतं ते आठवा. सकाळी मुलं तिथेच अभ्यासाला बसतात. दुपारी आपण धान्य निवडतो, शेवया-पापड करतो. सुगीत सोयाबीनची, ज्वारीची पोती येऊन पडतात. रात्री तिथेच अंथरुणं पडतात. पाहुणे मुक्कामाला आले की चार-पाच जण तिथे झोपतात. दुकानातल्या मोठ्या हॉलमध्ये सोफा सुंदर दिसतो, कारण तिथे पोती नसतात आणि रात्री कुणी झोपत नाही.

यासाठी एक बिनखर्चाचा उपाय आहे. दुकानातून सोफ्याचं माप लिहून आणा आणि खोलीत रांगोळीने किंवा चुन्याने तेवढा आकार जमिनीवर आखा. चार दिवस ती रेघ ओलांडायची नाही. झाडू मारा, अंथरुणं घाला, हंडा घेऊन स्वयंपाकघरात जा. कुठे अडखळायला होतं ते चार दिवसांत कळतं. बाहेरच्या दारापासून आतल्या दारापर्यंतची वाट किमान अडीच ते तीन फूट मोकळी हवी. सोफ्याची उघडी बाजू दाराकडे असली, तर येणाऱ्याला खोली मोकळी वाटते. पाठ दाराकडे आली, तर खोलीच्या मधोमध भिंत घातल्यासारखं होतं. खिडकीखाली ठेवायचा असेल तर पाठ बुटकी घ्या, नाहीतर उजेड आणि वारा दोन्ही अडतील. प्लगची जागाही पाहून ठेवा.

एल शेपमध्ये डावा आणि उजवा असतो. लांब बाजू कुठल्या हाताला, हे कुणी सोफ्यासमोर उभं राहून सांगतं, कुणी सोफ्यावर बसून. तोंडी 'डावा' म्हणालात तर उलटा घरी येऊ शकतो. म्हणून खोलीचं चित्र कागदावर काढा, दार-खिडकी दाखवा, सोफा आखा आणि त्या कागदावर दुकानदाराची सही घ्या.

दाराचं मापही घ्यायचं. जुन्या घरांची दारं अरुंद, चौकट बुटकी. सुतार एकसंध सोफा करून आणतो आणि तो दारातच अडतो. आमच्या भागातल्या एका घरात शेवटी चौकट काढावी लागली. सोफा तुकड्यांचा असण्याचा खरा फायदा इथे आहे. भाग सुटे हवेत आणि खाली कडीने किंवा हुकने जोडता यायला हवेत. हळदीकुंकू, बारसं, साखरपुडा असला की भाग सोडवून भिंतीला लावता येतात, मधली जागा मोकळी होते. एकसंध केलेला एल शेप मात्र जिथे ठेवला तिथेच राहतो.

आता शरीर. आपल्यापैकी बऱ्याच जणींची उंची पाच फुटांच्या आसपास आहे. दुकानातल्या पुष्कळ सोफ्यांची बैठक २४ इंच किंवा त्याहून खोल असते. पाठ टेकवावी तर पाय लोंबकळतात, पाय टेकवावे तर पाठ अधांतरी. तपासायचं कसं? मागे नीट टेकून बसा. पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत, आणि गुडघ्यामागे व बैठकीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत. उंची १७-१८ इंच असली तर गुडघे दुखणाऱ्या बाईला उठायला सोपं जातं. फार मऊ, फार खोलगट सोफ्यात बसताना बरं वाटतं, पण उठताना कुणाचा तरी हात लागतो. घरात आजी असतील तर त्यांना दुकानात सोबत न्या. हाताच्या टेकूजवळची कडेची जागा त्यांची, कारण टेकूवर जोर देऊन उठता येतं.

आणखी एक. 'सहा सीटर' सांगतात, पण अगदी कोपऱ्यात बसणाऱ्याचे गुडघे शेजारणीच्या गुडघ्याला लागतात. तिथे उशाच राहतात. म्हणून सहा म्हटलं की पाच धरा. काही सोफ्यांना एका बाजूला पाय पसरायला लांब भाग असतो, त्याला लाऊंजर म्हणतात. त्यावर एक जण आडवा झाला की बाकीच्यांना जागा कमी. तो आडवा होणारा बहुतेक वेळा मोबाईल घेऊन पडलेला मुलगाच असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल!

तिसरी गोष्ट माल. कापडाच्या आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं. सांगाडा कुठल्या लाकडाचा आहे? सागाचा असेल तर महाग, पण टिकाऊ. बाभूळ चालते, पण लाकूड वाळलेलं आणि वाळवीसाठी औषध मारलेलं हवं. पुढचा एक पाय धरून थोडा उचलून बघा. सांगाडा करकरला किंवा पिळवटला तर सांधे कच्चे आहेत. फोमची 'डेन्सिटी' विचारा. म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. बैठकीला ३२ तरी हवी, ४० असेल तर उत्तम. हलका फोम वर्षभरात खड्डा धरतो. हा आकडा बिलावर लिहून घ्या.

कापडाचं म्हणाल तर रेक्झीन ओल्या फडक्याने पुसता येतं, पण एप्रिल-मेमध्ये अंगाला चिकटतं आणि काही वर्षांत सोलून निघतं. कापड गार लागतं, पण रस्त्याची धूळ आणि लहान लेकरांचं ओलं धरून ठेवतं. चेन लावलेले, काढून धुता येणारे कव्हर आणि मातकट, मध्यम रंग, हे आपल्याकडे सोयीचं.

सोफ्याचे पाय पाच-सहा इंच उंच घ्या, म्हणजे खालून झाडू फिरेल. आपल्या घरात धान्य असतं. सोफा जमिनीला टेकलेला असेल तर उंदीर खालचं कापड कुरतडून आत घर करतात, आणि ते कळतं तेव्हा फोम गेलेला असतो. भिंतीपासून तीन इंच अंतरही सोडा, पावसाळ्यात भिंतीची ओल सोफ्याला लागत नाही.

शेवटची गोष्ट पैसा. समजा सोफा २४ हजारांचा आहे. दुकानात हप्त्यावर मिळतो आणि व्याज 'फक्त १२ टक्के' सांगतात. ते व्याज पूर्ण रकमेवर वर्षभर लावलं, तर २,८८० रुपये होतात. गटातून महिना एक टक्क्याने कर्ज घेतलं आणि दरमहा २,००० मुद्दल फेडली, तर व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं. पहिल्या महिन्याला २४०, दुसऱ्याला २२०, असं कमी होत बारा महिन्यांत १,५६० रुपये. फरक १,३२० रुपयांचा. शिवाय गटातलं व्याज गटातच राहतं. 'शून्य टक्के'च्या पाटीला भुलू नका. शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना कळवलं होतं. व्याज कुठे फीमध्ये, कुठे न मिळालेल्या सवलतीत दडलेलं असतं. म्हणून रोखीचा भाव किती, हे आधी विचारा.

पण मैत्रिणींनो, शेळी पिल्लं देते, मशीन शिलाई मिळवून देतं, सोफा काही कमवत नाही. गटात २४ हजारच शिल्लक असतील आणि दुसरीला पेरणीसाठी हवे असतील, तर आधी कुणाला द्यायचे हे गटाने बसून ठरवावं. सोफ्यासाठी जमेल तर तेच २,००० दरमहा आधी बाजूला टाका. बारा महिन्यांनी रोख रक्कम हातात येते, व्याज नाही आणि भाव करायला तोंड मोठं होतं.

या चार मापांच्या पलीकडचं एक माप राहिलं. एका घरी आमची बैठक होती. नवा कोरा सोफा, त्यावर पांढरी चादर घातलेली. आम्ही अकरा जणी खाली सतरंजीवर आणि सोफा रिकामा. गटाची बैठक गोल करून खाली बसूनच बरी, तक्रार त्याची नाही. पण बैठक उठल्यावरही ती ताई चहा घेऊन उंबऱ्याशी टेकली. कर्ज तिच्या नावावर होतं, हप्ता तिच्या शिवणकामातून जात होता. सोफ्यावर कधी बसता, असं विचारलं तर हसून म्हणाली, "पुसताना हात लागतो की!"

असं बऱ्याच घरांत होतं. मोठी माणसं समोर असताना सून बसत नाही. सवय एका दिवसात मोडत नाही आणि भांडून तर नाहीच नाही. पण सोफा घ्यायचं ठरतं, तेव्हा घरातले सगळे एकत्र बोलत असतात. रंग कुठला, भिंत कुठली, हे चाललेलं असतं. तेव्हाच म्हणायचं, "मामंजी, तुमची जागा टीव्हीसमोर, आत्याबाईंची कडेला, आणि संध्याकाळी शिवण हातात घेऊन मी खिडकीजवळ बसणार, तिथे उजेड आहे." जागा आधी ठरली की नंतर कुणाला वावगं वाटत नाही. मोठ्यांचा मान राहतो आणि हप्ता भरणारीला पाठ टेकायला मिळते. बऱ्याच सासवासुद्धा अशा वेळी म्हणतात, "बस गं, मला कुठे कुणी बसू दिलं होतं!"

तुमच्या गटात कुणी सोफ्यासाठी अर्ज केला असेल, तर पुढच्या बैठकीला तिला एवढंच विचारा. रांगोळी आखून बघितली का? रोखीचा भाव काय? फोमचा आकडा बिलावर येणार का? आणि तुझी जागा कुठली? चारही उत्तरं मिळाली की खुशाल ठराव लिहा. सोफा आल्यावर तिच्या घरी चहाला जा आणि आधी तिला बसवा.