अडलेला घास

कोरडी भाकरी घशाखाली अडली की आपण वर घोटभर पाणी पितो आणि विसरून जातो. सातपूरच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार असो की शेतकरी, ज्याला तंबाखू-दारूची सवय आहे त्याने तरी हे विसरू नये. अन्ननलिकेचा कर्करोग आरंभी बहुधा मुकाच असतो. घास वारंवार अडू लागतो तो पुष्कळदा रोग वाढल्यावर. म्हणून पहिल्या खुणेलाच दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

रोग आतल्या अस्तरापुरताच असेल, तर छाती न उघडता, तोंडावाटे दुर्बीण घालूनच तो काढता येतो. लहान डाग तारेच्या फासाने कापतात. मोठ्या डागाखाली द्रव टोचून अस्तर उचलतात आणि ते अखंड सोलून काढतात. ही रीत जपानात विकसित झाली. मग तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मूळ खोल गेले असल्यास मात्र शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा औषधे लागतात. उपचारानंतरही दुर्बिणीची फेरतपासणी चुकवू नये.

मुंबईत परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे; तेथे असे उपचार होतात. शिक्षक बंधुभगिनींनी पालकांच्या कानी एवढेच घालावे : अडलेला घास पाण्याने ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.